मजुरी महाग वाटते, पण काम बघा

तुमच्या लेखात म्हटलंय की हाताने घडवलेल्या चांदीच्या दागिन्याची मजुरी लोकांना महाग वाटते, म्हणून लिहितेय. मी ऑफिस सुटल्यावर घरीच हे काम करते, पत्रा आणि तार पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळून आणते. आता साधं जोडवं घ्या, ठोकत गेलं की चांदी कडक होते, मग मंद लाल होईपर्यंत तापवायची, पाण्यात विझवायची, परत ठोकायची, असं किती वेळा ते हाताला कळतं. सांधा जोडताना टाकणखार (बोरॅक्स) लावायचा आणि सगळा तुकडा सारखा तापवायचा, नुसती सांध्यावर ज्योत धरली तर सोल्डर, म्हणजे सांधा जोडणारा धातू, धावतच नाही, आणि जास्त तापवलं तर स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी, ९०० डिग्रीच्या आधीच वितळते. माझ्या पैंजणाची एक कडी अशीच गोळा झाली, आठवड्याचं काम होतं, खूप रडले. शेवटी रिठ्याचं पाणी आणि पितळी ब्रश, त्याने जी मऊ चमक येते ती मला मशीन पॉलिशपेक्षा कितीतरी जास्त आवडते.

आणि प्लीज, काळी पडली म्हणजे चांदी खोटी असं म्हणू नका!! हवेतल्या गंधकामुळे ९२.५ टक्केवाली पण काळी पडते आणि शुद्ध पण. पुढच्या वेळी तारकामावर, म्हणजे बारीक तारेच्या नक्षीवर, लिहा ना.