सुपरगर्लच्या मृत्यूचा सातवा अंक सगळ्यांना पाठ आहे, 'क्रायसिस'चा आठवा वाचा

'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या डीसी कॉमिक्सच्या मालिकेचा विषय निघाला की हमखास सातव्या अंकाचं कव्हर पोस्ट होतं. मेलेल्या सुपरगर्लला हातांवर घेऊन आक्रोश करणारा सुपरमॅन आणि मागे झाडून सगळी हिरोमंडळी. कव्हर थोर आहे, वादच नाही. पण बारा अंकांच्या अवाढव्य मालिकेतला मधला एक अंक म्हणून बघाल तर फ्लॅशच्या मृत्यूचा आठवा सातव्यापेक्षा कितीतरी सरस आहे, आणि पुढच्या चाळीस वर्षांतल्या क्रॉसओव्हरांचं, म्हणजे अनेक मालिकांतून पसरणाऱ्या एकाच कथेचं, नेमकं कुठे बिघडलं तेही त्याच्या शेजारी ठेवल्यावर लख्ख दिसतं.

ज्यांनी फ्लॅश फक्त टीव्हीवर पाहिलाय त्यांच्यासाठी: २०१४च्या मालिकेच्या पहिल्याच भागात शेवटी भविष्यातलं एक वर्तमानपत्र दिसतं, ज्यात फ्लॅश एका 'क्रायसिस'मध्ये नाहीसा झाल्याची हेडलाइन आहे. तिचं मूळ हा अंक. कव्हरवर नोव्हेंबर १९८५, किंमत ७५ सेंट. लेखन मार्व वुल्फमन, पेन्सिल जॉर्ज पेरेझ, शाई जेरी ऑर्डवे.

आता प्रसंग. मालिकेचा खलनायक अँटी-मॉनिटर एकामागून एक विश्वं संपवत आलाय, पाचच पृथ्व्या उरल्यात. सातव्या अंकात सुपरगर्लनं त्याला असा काही चोपलाय की तो प्रतिद्रव्याच्या विश्वात, क्वार्डला पळालाय आणि उरलेल्या पृथ्व्या संपवायला तिथे एक तोफ उभारतोय. बॅरी ॲलन, म्हणजे फ्लॅश, त्याच्याच कैदेत आहे. सोबतीला सायको-पायरेट, जो मुखवट्याच्या जोरावर समोरच्याच्या भावना हव्या तशा फिरवतो आणि इतके दिवस बॅरीला छळतोय. बॅरी निसटतो, या पायरेटचंच बखोट धरतो आणि त्याच्याकडून क्वार्डच्या सैनिकांच्या मनात त्यांच्याच मालकाबद्दल संताप पेटवून घेतो. तिकडे ती धुमश्चक्री चालू असताना हा तोफेभोवती गोल धावायला लागतो. इतक्या वेगानं, की तोफेची ऊर्जा बाहेर न पडता तिच्यावरच उलटते. तोफ फुटते. धावता धावता बॅरीचं शरीर झिजत जातं आणि शेवटी रिकामा पोशाख उरतो. आसपास त्याच्या बाजूचं कुणीही नाही.

यातली खरी कारागिरी धावण्याच्या पानांवर आहे. वेग वाढतो तसा बॅरी काळात मागे फेकला जातो आणि त्याला बॅटमॅन दिसतो. दुसऱ्या अंकात जोकरशी गाठ पडलेली असताना बॅटमॅनसमोर अचानक एक खंगत चाललेला फ्लॅश प्रकट होऊन विरून गेला होता. तेव्हा वाचकाला काही उलगडा झाला नव्हता. सहा महिन्यांनी तोच प्रसंग आपण दुसऱ्या बाजूनं पाहतो. म्हणजे या मृत्यूचं बी मालिकेतच पेरलं होतं आणि तिथेच उगवलं. दुसरं कुठलंही पुस्तक विकत घ्यावं लागत नाही.

सातव्याचं तसं नाही. त्या जाडजूड अंकातली बरीच पानं क्रोना, पॅरिआ, मॉनिटर आणि अँटी-मॉनिटर यांच्या जन्मकथांत खर्ची पडतात. गरजेची माहिती आहे, पण शेवटी ती माहितीच. आणि पहिल्या सहा अंकांत सुपरगर्लच्या वाट्याला फार थोडी पानं आलेली आहेत. चौथ्या अंकात बॅटगर्लशी तिचं बोलणं होतं तेवढंच लक्षात राहतं. तिच्या मरणानं गलबलायचं असेल तर तिच्यावर आधीपासून जीव हवा. आठवा अंक ही उधारी मागत नाही. ज्याला फ्लॅशचं नावही माहीत नाही त्यालाही शेवटची पानं कळतात.

फ्लॅशच का, याचं उत्तर मात्र इतिहासात आहे. १९५६च्या 'शोकेस' अंक ४मध्ये बॅरी आला आणि तिथून सुपरहिरोंचं दुसरं पर्व सुरू झालं असं मानतात. पुढे १९६१ साली 'द फ्लॅश'च्या १२३व्या अंकात तोच पलीकडच्या पृथ्वीवर जाऊन जुन्या फ्लॅशला, जे गॅरिकला भेटला. अनेक पृथ्व्यांची भानगड तिथून सुरू झाली, आणि ती निस्तरायलाच 'क्रायसिस' काढलं होतं. ज्यानं दार उघडलं त्यालाच ते बंद करताना खर्ची घातलं! आणखी क्रूर भाग असा की त्याची स्वतःची मालिका अंक ३५०ला, ऑक्टोबर १९८५च्या तारखेनं, गोड शेवट करून संपली होती. स्वतःवरचा लांबलेला खटला आटोपून बॅरी तिसाव्या शतकात बायकोकडे, आयरिसकडे गेला होता. ती पानं काढली होती कार्माइन इन्फँटिनो यांनी, ज्यांनी 'शोकेस' ४ काढला होता त्यांनीच. कव्हरवरच्या तारखांनी मोजलं तर ते सुख एक महिना टिकलं.

आठवा अंक निर्दोष नाही. सुरुवातीला टी. ओ. मॉरोला आणून त्यानंच बनवलेल्या रेड टोर्नेडो या यंत्रमानवाची दुरुस्ती करण्याचा जो भाग आहे, तो निव्वळ घरातली आवराआवर आहे. पानं भरतात, पकड सुटते.

आता बिघाडाकडे. 'क्रायसिस'मध्ये संकटाची खूण म्हणून आकाश लाल होतं. त्या काळात डीसीच्या कितीतरी मालिकांच्या कव्हरांवर क्रॉसओव्हरची पट्टी लागली आणि आत काय, तर चार चौकटींत आकाश लाल. कारण साधं आहे. आकाश लाल करायला कथा बदलावी लागत नाही की चित्रकाराला नवीन रेघ ओढावी लागत नाही. रंगकाम करणाऱ्यानं निळ्याऐवजी लाल टाकला की झालं. वाचक मात्र त्या पट्टीसाठी पैसे मोजतो. अमेरिकन वाचकांनी अशा अंकांना 'रेड स्काय क्रॉसओव्हर' हे नाव ठेवलं ते उगाच नाही. सन्मान्य अपवाद 'स्वॉम्प थिंग'च्या ४६व्या अंकाचा. तिथे संकट खरोखर त्या मालिकेच्या स्वतःच्या भयकथेत मुरलंय.

त्याआधी मार्व्हलनं 'सीक्रेट वॉर्स'मध्ये वेगळी शक्कल लढवली होती. मे १९८४च्या 'अमेझिंग स्पायडरमॅन' २५२मध्ये स्पायडी काळ्या पोशाखात परत आला. तो पोशाख मिळाला कुठे हे कळायला 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकापर्यंत, डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. परिणाम आधी, कारण मागून. विक्रीची युक्ती म्हणून झकास. पण तो आठवा अंक आज सुटा वाचलात तर पोशाखाचा प्रसंग किती झटपट उरकलाय ते जाणवतं, कारण सगळं कुतूहल दुसऱ्या पुस्तकात साठवलेलं होतं.

तिसरा बिघाड वेळापत्रकाचा. मार्व्हलच्याच २००६च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये मुख्य मालिकेचा चौथा अंक लांबला. टाय-इन, म्हणजे त्या कथेला जोडलेले इतर मालिकांचे अंक, आधी आले असते तर मुख्य कथा फुटली असती, म्हणून तेही अडकले. सातवा अंक उगवला फेब्रुवारी २००७मध्ये. चित्रकार न बदलता थांबायचा निर्णय माझ्या मते योग्यच होता, कारण संग्रह हातात घेणाऱ्याला उशीर दिसत नाही, बदललेला हात दिसतो. पण एका अंकावर डझनभर पुस्तकं टांगली की एक खिळा निखळल्यावर सगळी भिंत हलते.

हा अंक वाचायचाच असेल तर सगळे टाय-इन गोळा करायच्या फंदात पडू नका. 'द फ्लॅश' १२३ मिळाला तर आधी तो, मग 'द फ्लॅश' ३५०, मग 'क्रायसिस' २, ७ आणि ८. घाई असेल तर १२३ सोडा, पण ३५० सोडू नका. 'क्रायसिस'च्या नेहमीच्या एकखंडी संग्रहात ३५० नाही. बॅरीच्या खटल्याच्या अंकांचा संग्रह २०११ साली 'शोकेस प्रेझेंट्स'मध्ये आला, तो कृष्णधवल आहे. पेरेझ यांच्या पानांवर चौकटी दाटीवाटीनं बसवलेल्या असतात, त्यामुळे मोबाइलवर चौकट-चौकट सरकवत वाचू नका. धावण्याची पानं अख्खी समोर हवीत, टॅबलेट तरी घ्या.

आणि बॅरी परत आलाच की, असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांसाठी: हो, २००८मध्ये 'फायनल क्रायसिस'च्या वेळी आला. पण मधली सुमारे तेवीस वर्षं डीसीनं त्याला मेलेला राहू दिलं, हे या धंद्यात जवळपास अशक्य मानलं जातं. 'क्रायसिस'च्या बाराव्या अंकात आयरिसचा भाचा वॅली वेस्ट यानं फ्लॅश हे नाव घेतलं आणि जून १९८७पासून वॅलीची नवी मालिका सुरू झाली. तिच्यातला वॅली जेमतेम ध्वनीच्या वेगानं पळतो, पळून झालं की ढिगानं खातो, आणि बॅरीकाकाच्या तुलनेत आपण कमी पडतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आठव्यानंतर पुढे काय वाचू असं विचारणार असाल तर ती मालिका घ्या.