मतं खाल्ली, पण कोणाची?

महाराष्ट्रात निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भावंडं एकमेकांवर तुटून पडतात. 'वंचितने मतं खाल्ली', 'बी टीम आहे', वगैरे. दाखलाही ठरलेला, 2019 चं नांदेड. तेव्हा काँग्रेसचे असलेले अशोक चव्हाण सुमारे 40 हजारांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने दीड लाखावर मतं घेतली. मी राहतो त्या अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये नेमकं हेच भांडण राल्फ नेडर या नावावरून अजून होतं.

नेडर इथल्याच विन्स्टेड गावचे. 1965 मध्ये त्यांनी मोटारींच्या धोकादायक बांधणीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा जनरल मोटर्सने त्यांच्या मागावर गुप्तहेर सोडले. हे उघडकीला आल्यावर कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली आणि 1966 मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा झाला. गावातल्या जुन्या बँकेच्या इमारतीत नेडरनी संग्रहालय काढलंय. तिथे शेव्हरोलेची कॉर्व्हेअर उभी आहे, पुस्तकाने बदनाम केलेली तीच गाडी.

एवढी कमाई असलेला माणूस मग अध्यक्षपदाला उभा राहत गेला: 1996, 2000, 2004, 2008. सगळ्यात मोठा आकडा 2000 चा, ग्रीन पक्षाकडून 28 लाखांवर मतं, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. फ्लोरिडात त्यांना 97 हजार मिळाली. रिपब्लिकन बुश तिथे डेमोक्रॅट अल गोर यांच्यापुढे 537 मतांनी जिंकले आणि त्यावरच अध्यक्ष झाले. डेमोक्रॅट शेजाऱ्यांपुढे नेडरचं नाव काढलं तर आजही शिव्या ऐकायला मिळतात.

दोन्ही पक्ष सारखेच, हा नेडरचा प्रचार मला तेव्हाही पटला नव्हता. पण 97 हजार लोकांची मतं अल गोर यांच्या सातबाऱ्यावर कधी चढली होती? 'खाल्ली' म्हणणारा मत आधीच कोणाच्या तरी नावावर करून मोकळा होतो.

आणि इथे नुसतं उभं राहणंही महाकठीण. आपल्याकडे लोकसभेला 25 हजारांची अनामत, अपक्षाला दहा सूचक, की अर्ज दाखल. पुढे अनामत जप्त झाली तर झाली. इथे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. 2004 मध्ये टेक्सासने 60 हजारांवर सह्या मागितल्या, मतपत्रिकेवर नेडरचं नावच आलं नाही. पेनसिल्व्हेनियात ते कोर्टात हरले आणि वर खर्चाचा भुर्दंड बसला. 2000 मध्ये बॉस्टनला गोर-बुश वादविवाद होता. नेडर मंचावर नव्हतेच. शेजारच्या सभागृहात पडद्यावर बघण्यापुरतं तिकीट त्यांच्या हातात होतं, तरी दारातून परत पाठवलं. लोकशाहीचे धडे जगाला देणाऱ्या देशात!

मतं खाण्याच्या भांडणावर मेन राज्याने तोडगा काढला. तिथे मतदार पसंतीचे क्रम देतो. कोणालाच निम्म्यावर मतं नसतील तर तळाचे उमेदवार बाद होतात आणि त्यांची मतं पुढच्या पसंतीला जातात. 2018 मध्ये तिथल्या संसदेच्या एका जागेवर पहिल्या फेरीत रिपब्लिकन पोलिक्विन पुढे होते, अपक्षांची मतं वाटल्यावर डेमोक्रॅट गोल्डन जिंकले. मतं खाल्ल्याची ओरडच बंद.

हे मी ग्रुपवर लिहिलं की 'तुमच्या अमेरिकेचं कौतुक पुरे' असं उत्तर येतं. पण पदवीधर मतदारसंघात विधान परिषदेसाठी आपणही 1, 2, 3 असेच आकडे लिहितो की. माझी वहिनी दर खेपेला लिहिते. नांदेडच्या मतदाराला लोकसभेला तसे आकडे लिहू द्यायला हरकत कोणाची आहे, एवढंच ग्रुपवर कोणी सांगत नाही.