पाचट पेटवलं की रान सुपीक होतं?

ऊस तुटून गेला की रानात त्याची वाळलेली पानं, म्हणजे पाचट, उरतं आणि मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो: "पाचट पेटवा. राखेचं फुकट खत मिळतं, कीड मरते, खोडवा जोमात फुटतो. पाचट ठेवलं तर ऊस पिवळा पडतो." खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक.

आधी राख. एकरी साधारण 4 टन पाचट निघतं. अर्धा टक्का नत्र धरलं तरी 20 किलो झालं, म्हणजे जवळपास युरियाची एक गोणी. काडी लावली की त्यातलं बहुतेक धुरात जातं. पालाश आणि थोडं स्फुरद राखेत उरतं, हे खरं. वाऱ्यानं उडालं नाही तर. आणि ज्या सेंद्रिय कर्बासाठी आपण शेणखताच्या ट्रॉल्या विकत घेतो, तोही गेला.

कीड मरते म्हणे. मुळं खाणारी हुमणी मातीत असते, तिला या आगीचं काय? उसाच्या पानांतला रस शोषणाऱ्या पायरीला या किडीवर जगणारी एपिरिकेनिया ही मित्रकीड मात्र पाचटाबरोबर जळते. गवताळ वाढ किंवा लाल कूज हे रोग असलेल्या फडात तर खोडवाच धरू नये.

राहिला खोडवा जोमात फुटण्याचा दावा. बुडखे उघडे पडतात, ऊन लागतं, म्हणून फुटवे येतात. त्याला जाळ कशाला? पाचट सरीत ओढा आणि धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटा. उंच राहिले तर वरचे डोळे फुटतात आणि ते फुटवे टिकत नाहीत. छाटल्यावर बुरशीनाशक फवारा.

पिवळेपणाच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. पाचटात नत्राच्या मानानं कर्ब फार. कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि कोवळे फुटवे उपाशी राहतात. म्हणून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायचं. एकरी 32, 40 आणि 4 किलो. संवर्धन युरियात कालवू नका, चाळलेल्या शेणखतात मिसळून वेगळं पसरा. मग पाणी द्या. पहिलं पाणी सरीतून रखडत जातं, तेवढा वेळ धरून चला.

यानंतरची खतं पाचटावर फेकली तर तिथंच अडकतात. वाफशावर, म्हणजे जमिनीत बेताची ओल असताना, पहारीनं बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, तेवढीच खोल, फुटाफुटावर भोकं पाडून खत द्या आणि भोकं बुजवा. पहिली मात्रा तोडणीनंतर 15 दिवसांच्या आत, दुसरी 135 दिवसांनी, सरीच्या दुसऱ्या बाजूला.