खिडकी आमची, कुत्रं त्यांचं

बुकिंग करताना 'खिडकी' या चौकोनावर मी माझ्या बोटाने टिचकी मारली होती. दक्षिण फ्रान्सच्या या सबंध दौऱ्यात माझ्या वाट्याला आलेला तो एकमेव निर्णय. बाकी कुठे उतरायचं, कोणती गाडी चुकली तर पुढची कोणती, हे सगळं नवऱ्याच्या एक्सेल शीटमध्ये. टूर कंपनीबरोबर जायचं नाही यावर तो ठाम असतो. 'मी झेंड्यामागून चालणार नाही' हे त्याचं वाक्य आमच्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे. झेंड्यामागून चालणाऱ्यांना रात्री वरणभात मिळतो, आणि त्यांच्या जागेवर कुत्रं बसलेलं असेल तर त्याला उठवायला टूर मॅनेजर असतो, ही बाजू शीटमध्ये नव्हती.

नीमहून कारकासोनला निघालो होतो. गाडी मार्सेहून येते आणि थेट बोर्दोला जाते. आरक्षण सक्तीचं, डबा ठरलेला, आसन ठरलेलं. मला खिडकी हवी होती ती फक्त एका तुकड्यासाठी. सेत सोडलं की आग्द येईपर्यंत रूळ एका चिंचोळ्या पट्टीवरून जातात. डाव्या हाताला भूमध्य समुद्र, उजव्या हाताला खाऱ्या पाण्याचं अफाट सरोवर. खेळ पंधरा-एक मिनिटांचा. गाडी दोन पाण्यांच्या मधून चाललेली, असा व्हिडिओ मी घरी इतक्या वेळा पाहिला होता की फोनने मला स्वतःहून पोहण्याच्या पोशाखांच्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली.

डब्यात शिरलो. समोरासमोर चार आसनं, मध्ये छोटं टेबल. समुद्राच्या बाजूचं, गाडीच्या दिशेला तोंड केलेलं माझं आसन सापडलं, आणि त्यावर एक कुत्रं बसलं होतं.

लहानसं, पांढरं-तपकिरी, अंगात मोरपंखी स्वेटर. खाली जांभळ्या रंगाचा रेशमी स्कार्फ अंथरलेला. त्याला ठेवायची जाळीची पिशवी जमिनीवर, रिकामी. समोरच्या खिडकीत त्याची मालकीण. वय सत्तरीच्या पुढे, ओठांना लिपस्टिक इतकी काटेकोर की मी नकळत स्वतःचे ओठ पुसले. दोघंही एकाच वेळी माझ्याकडे वळली.

"बाँझूर," मी म्हटलं. या देशात आधी ते म्हटल्याशिवाय आग लागल्याचंही सांगता येत नाही, हे आम्ही आव्हिन्योंच्या एका बेकरीत अपमान सोसून शिकलो होतो.

"बाँझूर," बाई प्रसन्नपणे म्हणाल्या. नवऱ्याने फोनवरचं तिकीट पुढे केलं आणि आसन क्रमांकावर बोट ठेवलं. बाईंनी पर्समधून चष्मा काढला, तो पुसला, फोन हातात घेतला आणि तिकीट वाचायला लागल्या. आसन क्रमांकाशी थांबल्या असत्या तर ठीक, पण त्या सगळंच वाचत होत्या. तारीख, वेळ, माझं वय, नवऱ्याचं आडनाव. आडनाव त्यांनी मोठ्याने म्हणून पाहिलं, दोनदा. मग मान डोलावली आणि "वी, वी" म्हणत आसनाकडे बोट दाखवलं. म्हणजे हो, बरोबर आहे, ही तुमचीच जागा. फोन परत दिला, चष्मा पर्समध्ये ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. कुत्रं जागचं हललं नाही.

भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. दादर फास्टमध्ये चौथ्या सीटसाठी मी अशा बायकांशी भांडले आहे की आज त्यांची आठवण आदराने काढते. पण तुमचं शंभर टक्के मान्य करून काहीच न करणाऱ्या बाईचं काय करायचं?

पलीकडच्या आसनावर कानात इअरफोन घातलेला एक तरुण होता. त्याने एक इअरफोन काढला, एकच, आणि इंग्रजीत दुभाषाचं काम पत्करलं.

"त्या म्हणतात, जागा तुमची आहे."

"ते कळलं. कुत्र्याला उचला म्हणावं."

तो बोलला. बाई बऱ्याच बोलल्या, हातवारे करून, मध्येच पोटावर हात फिरवून.

"त्या म्हणतात, त्याला बाहेर दिसलं नाही की मळमळतं."

"मलाही मळमळतं," मी म्हटलं. हे खोटं होतं, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

त्याने भाषांतर केलं. बाईंनी माझ्याकडे खऱ्या कळवळ्याने पाहिलं, पर्समधून आल्याच्या गोळ्यांची डबी काढली आणि एक माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. का घेतली कोण जाणे, पण 'मेर्सी' म्हणून तोंडातही टाकली, आणि त्या क्षणी मी ही केस हरले. मग बाईंनी प्लॅस्टिकच्या कव्हरातून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"कुत्र्याचं तिकीट."

खरंच होतं. फ्रान्समध्ये कुत्र्यांना रेल्वेचं तिकीट काढावं लागतं, लहान असलं तरी. पण त्या तिकिटावर त्याला आसन मिळत नाही. लहान कुत्र्याने पिशवीत राहायचं असतं. हे नवऱ्याने तिथल्या तिथे फोनवर शोधून काढलं आणि तरुणाला दाखवलं. तरुणाने वाचलं, खांदे उडवले आणि म्हणाला, "नियम आहे खरा." इतक्या थंडपणे, जणू आम्ही त्याला हवामान सांगितलं होतं. बाईंनी मग अगदी यजमानीणबाईंच्या थाटात आपल्या शेजारची रिकामी जागा मला दाखवली. मी बसले. पाठ गाडीच्या दिशेला, डावीकडे अख्खी पॅसेज. नवरा माझ्यासमोर, कुत्र्याच्या शेजारी. पाच मिनिटांत कुत्र्याने त्याच्या मांडीवर हनुवटी टेकवली आणि हा माणूस, जो शेजाऱ्यांच्या लॅब्रेडॉरबद्दल सोसायटीत लेखी तक्रार करून मोकळा झाला आहे, त्याच्या कानामागे खाजवायला लागला!

बाईंना आता गप्पांचा मूड आला. कारकासोनला जाताय? कास्सुले खाणार असाल. पण तिथे खाऊ नका, पुढे कास्तेलनोदारीला जा, खरा तिथलाच. पलीकडचा तरुण तुलूझचा निघाला. त्याने भाषांतर थांबवून स्वतःचं मत मांडलं आणि पुढची दहा मिनिटं बदक, सॉसेज आणि पांढऱ्या घेवड्याच्या त्या रश्श्यावरून दोघांची जुंपली. कुत्र्याच्या जागेवरून जो माणूस दुसरा इअरफोन काढायला तयार नव्हता, त्याने घेवड्यासाठी दोन्ही काढले. शेवटी मी म्हटलं, आम्ही शाकाहारी आहोत. शांतता पसरली. बाईंनी कुत्र्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि काहीतरी पुटपुटल्या.

"त्या म्हणतात, तोही कधीकधी गाजर खातो."

सेत आलं आणि गेलं. डावीकडे, नव्हे, माझ्या उजवीकडे, बाईंच्या केसांच्या फुगवट्यापलीकडे समुद्र सुरू झाला. मला दिसत होती ती निळी किनार, वर लिपस्टिक, खाली पर्स. समोर माझ्या जागेवरचं कुत्रं एव्हाना झोपलं होतं. ज्याला बाहेर पाहिल्याशिवाय मळमळतं ते, समुद्राकडे पाठ करून!

पैसे भरून वस्तू न मिळणं ही या दौऱ्याची रीतच झाली होती म्हणा. आव्हिन्योंला सें-बेनेझेचा पूल पाहिला. मूळच्या २२ कमानींपैकी ४ उरल्या आहेत, बाकीच्या ऱ्होन नदीने नेल्या. पूल नदीच्या मधोमध संपतो आणि त्यावर चालत जायला तिकीट आहे. जायचं, पाणी बघायचं, परत यायचं. शेजारी पोपचा राजवाडा. १३०९ ते १३७७ या काळात पोप रोमऐवजी या गावात राहत होते. दालनं एवढी की आमची सोसायटी पार्किंगसकट मावेल, पण आत सामान म्हणाल तर जवळजवळ नाही, म्हणून तिकिटाबरोबर टॅब्लेट देतात. तो समोर धरला की पडद्यावर पडदे, पलंग, ताटं दिसतात. मोकळ्या भिंतीसमोर टॅब्लेट धरून उभे असलेले शेदोनशे लोक, आणि त्यात माझा नवरा.

आर्लला तर माझा संतापच झाला. चित्रकार व्हॅन गॉग १८८८ साली तिथे आला, त्याच डिसेंबरात स्वतःचा कान कापल्याचं ते प्रकरण घडलं, आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्यांनी सह्या करून अर्ज दिला की या वेड्याला इथून हलवा. आज त्याच गावात त्याच्या सूर्यफुलांच्या छत्र्या, मग, मोजे मिळतात. अर्जावर सह्या करणाऱ्यांचे पणतू ते मोजे विकत असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही. मी एक जोडी घेतली.

आणि स्टेशनं! आव्हिन्योंला दोन: एक गावात, एक वेगवान गाड्यांसाठी गावाबाहेर. माँपेलिएला २०१८ मध्ये दुसरं झालं, नीमला २०१९ मध्ये. नीमच्या नव्या स्टेशनाच्या नावात चक्क पों द्यु गार आहे. तो जगप्रसिद्ध रोमन जलसेतू तिथून दिसतसुद्धा नाही, आणि नीम तिथून १२ किलोमीटर. म्हणजे नावातलं एकही ठिकाण जागेवर नाही. नवऱ्याच्या शीटमध्ये यासाठी लाल रंगाचा वेगळा रकाना होता. पों द्यु गार मात्र मी मनापासून पाहिला. तीन मजली, ४९ मीटर उंच. नीमला पाणी आणण्यासाठी रोमनांनी सुमारे ५० किलोमीटरचा पाट बांधला आणि एवढ्या अंतरात उतार दिला जेमतेम १२-१३ मीटरचा. पाण्यासाठी एवढा विचार करणाऱ्या मुलखात आज स्टेशनावर तेच पाणी बाहेर टाकायचं तर नाणं लागतं. नाणं घातलं की फाटक उघडतं. कार्ड चालेल असं लिहिलेलं असतं, पण कार्डाचं यंत्र बंद. तिथे घाईतल्या माणसाला सुटे मागताना मी आधी 'बाँझूर' म्हटलं. म्हणावं लागतं.

असो. आग्द गेलं, समुद्र संपला, आणि तेव्हा टीसी आला.

त्याने आधी कुत्र्याचं तिकीट पाहिलं. कागद नीट उलगडून, तारीख तपासून, मग वाकून त्याला 'बाँझूर' म्हणाला. कुत्र्याला! मग आमचे फोन. माझ्या तिकिटावरचा क्रमांक पाहून तो थबकला आणि मला विचारलं, तुम्ही तुमच्या जागेवर का बसला नाहीत?

मी कुत्र्याकडे बोट दाखवलं. तो बाईंशी बोलला, सौम्यपणे, एखाद्या मावशीशी बोलावं तसं. बाईंनी चष्मा काढून लावला, जणू ते आसन आत्ताच पहिल्यांदा पाहतायत. "आ, वी!" म्हणाल्या, आणि एका झटक्यात कुत्रं पिशवीत. कुरकुर नाही, मळमळ नाही. इतकं सोपं होतं तर! टीसी मला म्हणाला, मादाम, तुम्ही नुसतं सांगायला हवं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पँटवरचे केस झटकत होता.

मी माझ्या खिडकीत जाऊन बसले, स्कार्फची ऊब अजून आसनाला होती. बाहेर गोदामांच्या मागच्या भिंती, मालगाडीचे डबे, मग बेझिए. बाई तिथेच उतरल्या. जाताना आल्याच्या गोळ्यांची डबी माझ्या हातात कोंबली आणि नवऱ्याच्या गालाला गाल लावून निरोप घेतला. पुढे द्राक्षाचे मळे होते. छान होते. मळे आम्हाला नाशिकला दिसतात.

कारकासोनचा किल्ला लांबून पाहिला तर खेळण्यातला वाटतो. दुहेरी तटबंदी, ५२ बुरूज. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युक या वास्तुकाराने त्याची डागडुजी केली आणि काही बुरुजांना टोकदार टोप्या घातल्या. इथल्या बुरुजांना त्या शोभत नाहीत असं म्हणणारे आजही आहेत. नारबॉन दरवाजापाशी एका बाईचा दगडी अर्धपुतळा आहे. दाम कारकास. दंतकथा अशी, की शार्लमेनच्या सैन्याने पाच वर्षं वेढा दिला होता. किल्ल्यात उपासमार. उरलासुरला गहू हिने एका डुकराला खाऊ घातला आणि ते डुक्कर तटावरून खाली टाकलं. खालच्यांना वाटलं, डुकरं गहू खातायत म्हणजे आत धान्याची कोठारं भरलेली असणार. ते वेढा उठवून गेले. लोक हे वाचून 'काय हुशार बाई' म्हणत फोटो काढत होते.

मी तो फलक दोनदा वाचला. गाव उपाशी, आणि गहू डुकराला.

"मला यात काहीही अशक्य वाटत नाही," मी म्हटलं.

"अगं, दंतकथा आहे ती," नवरा म्हणाला.

"असू दे. त्याचं तिकीट असणार."