‘बंद हेडफोन कानाला सुरक्षित’ हे साफ खोटं आहे

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, ‘हेडफोन घेण्याचे सात नियम’. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: गाण्याचा आणि गेमचा हेडफोन एक असूच शकत नाही. गेमसाठी ७.१ (चहूबाजूंनी आवाज येतोय असं भासवणारी सोय) लिहिलेलाच घ्या. ड्रायव्हर, म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर, ५० मिलिमीटरच्या खाली नको. ओहम (हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) जितके जास्त तितका दर्जा वरचा. ब्लूटूथ ५ असेल तर आवाज चित्राच्या मागे पडत नाही. नवा हेडफोन १०० तास फुल आवाजात चालवून ‘मोकळा’ करा. आणि शेवटी, क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांच्या हेडफोनचा आवाज बाहेर जात नाही, म्हणून तो कानाला सुरक्षित, बिनधास्त फुल ठेवा.

हा मेसेज रामबागेतल्या माझ्या आठवीतल्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने विचारलं, ‘मामा, बंदवाला घेतला तर फुल चालेल ना?’ शनिवारी तो आईबरोबर जेल रोडला खरेदीला जाणार आहे. म्हणून मी शेवटच्या नियमापासून सुरुवात करतो.

आवाज बाहेर जात नाही, मग तो जातो कुठे? पॅड कानाभोवती पॅक बसला की कप आणि कानाचा पडदा यांच्यात एक छोटी बंद पोकळी तयार होते आणि सगळा दाब त्या पोकळीतच राहतो. कप बंद असल्याने शेजाऱ्याचा त्रास वाचतो, कानाचा नाही.

आकडे मांडून बघू. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्स या क्लोज्ड-बॅक हेडफोनचे कंपनीनेच दिलेले आकडे आहेत ३८ ओहम आणि १ मिलिवॉटला ९९ डेसिबल. हेडफोनची पिन मोबाइलला जोडून देणारे काही साधे यूएसबी-सी डोंगल फुलवर १ व्होल्ट देतात. १ व्होल्टचा वर्ग भागिले ३८ म्हणजे साधारण २६ मिलिवॉट. १ मिलिवॉटच्या २६ पट ताकद म्हणजे १४ डेसिबलची भर, एकूण ११३. हे झालं शिखर. हल्लीच्या, हळू-मोठ्यातला फरक दाबून तयार केलेल्या गाण्यांची सरासरी त्याच्याखाली १० ते १५ डेसिबल असते, म्हणजे कानावर सतत १०० च्या आसपास.

आता याची मर्यादा बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणाचं मानक मिळून जाहीर केलं. मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ७५ पासून ९९ पर्यंत ३-३ च्या आठ पायऱ्या. ४० तास आठ वेळा निम्मे करा, उरतात जेमतेम ९ मिनिटं. दिवसाची नाही, आठवड्याची. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमची एक मॅच अर्ध्या तासाच्या पुढे जाते. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि आठवीतल्या मुलाला ‘बिनधास्त फुल ठेव’ म्हणून सांगणारा मेसेज लोक हात जोडल्याच्या चिन्हासकट पुढे ढकलतायत!

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. बाहेरचा गोंगाट अडला तर कमी आवाजातही नीट ऐकू येतं आणि तेवढ्यापुरता क्लोज्ड-बॅक कानाला खरंच मदत करतो. पण आवाज कमी केला तरच. शिवाय अडतात ते मुख्यतः मधले आणि वरचे स्वर. कूलरची घरघर, ट्रकचा गुरगुराट असले खालचे आवाज बरेचसे आत येतात, आणि आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालू असतो. त्यावर मात करायला नकळत व्हॉल्यूम वर जातो. उपाय सोपा आहे: कूलर बंद असताना आवाज ठरवा, तो आकडा लक्षात ठेवा, आणि कूलर लावल्यावर त्याच्या वर जाऊ नका. ‘हातभर लांबच्या माणसाला तुमचं गाणं ऐकू आलं तर आवाज जास्त’ ही जुनी खूण ओपन, म्हणजे मागून उघड्या कपांच्या हेडफोनला चालते. बंद कपात ती फसवते, कारण बाहेर काही येतच नाही. ऐकून झाल्यावर कानात सूं वाजलं किंवा घरचे बोलतायत ते दबलेलं वाटलं, तर मर्यादा आधीच ओलांडलेली आहे.

गेममध्ये आणखी एक खोड आहे. पावलं हळू वाजतात, बंदूक जोरात. पोरं पावलांसाठी आवाज वाढवतात आणि गोळीचा दणका थेट कानात बसतो. विंडोजमध्ये आवाज सांभाळणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरबरोबर ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ नावाची खूण येते. ती लावली की हळू आवाज वर येतो, मोठा खाली बसतो. अंतराचा अंदाज थोडा पुसट होतो, पण कान वाचतात. गाणी ऐकताना मात्र ती काढायची, नाहीतर ख्यालातली आलापी आणि द्रुत एकाच जोराने वाजेल.

१०० तास फुल चालवण्याबद्दल: करू नका. फुल आवाजात ड्रायव्हरमधली तारेची गुंडाळी (व्हॉइस कॉइल) तापते, त्याचा पडदा आपटू शकतो. नव्या हेडफोनचा आवाज काही आठवड्यांनी बदलल्यासारखा वाटतो, कारण पॅड दबून मऊ होतात आणि आपला कान सरावतो. त्यासाठी नेहमीच्या आवाजात ऐकत राहणं पुरेसं आहे.

७.१ चं बघू. खोक्यावर ७.१ लिहिलेल्या बहुतेक हेडफोनमध्ये दोनच ड्रायव्हर असतात, डावा आणि उजवा. बाकीचं सगळं सॉफ्टवेअर करतं. त्यात फसवणूक आहे असं नाही, कारण आपल्यालाही कान दोनच आहेत. दोन्ही कानांवर आवाज पोचण्यातला फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो, त्यावरून आणि जोराच्या फरकावरून मेंदू डावं-उजवं ओळखतो. पुढे-मागे आणि वर-खाली कळतं ते कानाच्या पाळीच्या घडणीमुळे आवाजात जो बदल होतो त्यावरून. तोच बदल गणिताने आवाजात घालतात, त्याला एचआरटीएफ म्हणतात. व्हॅलोरंटमध्ये ही सोय गेममध्येच आहे, कुठल्याही साध्या स्टिरिओ हेडफोनवर चालते. घोळ होतो तो दोन्ही एकदम लावल्यावर: गेमने आधीच दिशा घातलेल्या आवाजावर हेडफोनचं ७.१ पुन्हा दिशा चढवतं आणि पावलं चारी बाजूंना पसरतात. म्हणून विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पेशियल साउंड बंद करा, हेडफोनच्या अॅपमधलं ७.१ बंद करा, गेममध्ये स्पीकरचा पर्याय स्टिरिओ ठेवा आणि एचआरटीएफ चालू करा. ७.१ साठी जादा पैसे मोजायची गरज नाही. ओपनच्या तुलनेत क्लोज्ड-बॅकमध्ये आवाजाचं मैदान जरा आखूड वाटतं, हे खरं. पण त्यामुळे पावलांची दिशा कळत नाही असं नव्हे.

ओहमचं उत्तर दोन वाक्यांत. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळत आला आहे, आणि तेवढ्याच व्होल्टेजला २५० वाला ३२ वाल्यापेक्षा साधारण ९ डेसिबल हळू वाजतो. वेगळा अँप्लिफायर नसेल तर मोबाइल-लॅपटॉपसाठी ३२ ते ८० च्या आत राहा.

५० मिलिमीटरचा नियमही असाच पोकळ. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत चालणारा क्लोज्ड-बॅक, त्याचा ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा आहे. बंद हेडफोनचा बेस ठरतो तो पॅड किती पॅक बसतो यावर. चष्म्याची काडी किंवा केसांची जाड बट पॅडखाली आली की बारीक फट राहते आणि तिथून खालचे स्वर निसटतात. हेडफोन घालून दोन्ही कप तळहातांनी हलके दाबून बघा. बेस एकदम वाढला तर तुमच्या डोक्यावर तो पॅक बसत नाही, मग ड्रायव्हर केवढाही असो. पॅडचं कापडही बघा. रेक्झीनचे पॅड जास्त पॅक बसतात, पण घामाने त्यांचे पापुद्रे सुटतात. मखमली पॅड उन्हाळ्यात सुसह्य, पण बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येऊ देतात. पॅड बदलून मिळतात का, हे घेण्याआधीच विचारा. जाडी वेगळी असलेले पॅड लावले तर आवाजही बदलतो.

ब्लूटूथ ५ हा आकडा उशीर ठरवत नाही, कोडेक, म्हणजे आवाज आवळून पाठवायची पद्धत, ठरवते. एसबीसी या साध्या कोडेकवर १५० ते २५० मिलिसेकंद जातात. ६० फ्रेमच्या गेममध्ये २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम, तेवढ्यात समोरचा गोळी झाडून मोकळा झालेला असतो. सिनेमात हे जाणवत नाही, कारण अॅप चित्रही तेवढंच थांबवतं. वर नेहमीच्या ब्लूटूथवर माईक चालू केला की आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा मोनो आणि चपटा होतो. गेमसाठी वायर घ्या, नाहीतर २.४ गिगाहर्ट्झचा स्वतःचा डोंगल असलेला.

राहिला पहिला नियम, दोन हेडफोनचा. गेमचे म्हणून विकले जाणारे पुष्कळ हेडफोन बेस फुगवतात, आणि खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. म्हणजे स्फोट घुमतात, पावलं बुडतात. गाण्यासाठी सरळ वाजणारा हेडफोन गेमलाही त्याच कारणाने बरा. फरक हवाच असेल तर कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ हे स्वर कमी-जास्त करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गेमसाठी १०० ते २५० हर्ट्झ ३-४ डेसिबल खाली, गाण्यासाठी सपाट, असे दोन प्रीसेट करून ठेवा. स्वरांचा कुठलाही पट्टा वर नेला तर प्रीअँप (त्यातलंच एकूण आवाजाचं सेटिंग) तेवढाच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटतो.

माईकची अडचण मात्र खरी आहे. गाण्याच्या हेडफोनला बहुधा माईक नसतो. साधा कॉलर माईक चालतो, पण मोबाइलसाठीच्या माईकची पिन चार भागांची असते. ती कॉम्प्युटरच्या गुलाबी खाचेत थेट नीट चालत नाही, मधे स्प्लिटर लागतो. तोही जेल रोडलाच मिळेल.

आणि दुकानात ऐकून बघायला गाणी घरून न्या, दुकानदाराची धमधम नको. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित लावा, मंद्रातला स्वर भरीव आणि डग्ग्याची घुमक वेगळी ऐकू आली पाहिजे. मग लताबाईंचं एखादं वरच्या पट्टीतलं गाणं, त्यात ‘स’ आणि ‘श’ टोचले तर वरचे स्वर जास्त आहेत. चष्मा घालून, निदान १५ मिनिटं, आणि व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली.