फॅमिली पिक्चर म्हणे!

रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडवर गाडी काढायची आमच्यात कुणाची छाती नाही. म्हणून सगळं खानदान मानपाड्याला आमच्या हॉलमध्ये जमतं, टीव्ही लागतो, रिमोट भाऊजींच्या हातात जातो आणि पहिला प्रश्न येतो, "फॅमिलीसोबत बघण्यासारखा आहे ना?" अहो, या फॅमिलीतलं सगळ्यात धाकटं पोर अकरावीत आहे! त्याच्या फोनमध्ये काय काय असेल ते देवच जाणे, आणि आम्ही इथे चुंबनाचे सेकंद मोजतोय.

परवा मी हट्टाने 'ॲट फर्स्ट साइट' लावला. १९९९ चा इंग्रजी पिक्चर, व्हॅल किल्मर आणि मिरा सॉर्व्हिनो. तो लहानपणापासून आंधळा, स्पामध्ये मसाज करतो. ती न्यूयॉर्कची आर्किटेक्ट, चार दिवस आरामाला तिथे आलेली. अमेरिकेत त्याला पीजी-१३ दिलंय. म्हणजे मुलं तेराच्या आतली असतील तर आईबापांनी जरा बघून घ्यावं, एवढंच. भाऊजींनी त्यातलं 'तेरा' तेवढं वाचलं आणि अंगठा बटणावर ठेवून बसले.

आता मला सांगा, ज्या माणसाला दिसत नाही तो प्रेम कशाने करणार? हातानेच ना? त्या दोघांची ओळखच मसाजच्या टेबलावर होते. भाऊजींनी मसाज पुढे ढकलला. नंतर जिथे जिथे हाताला हात लागेल असं वाटलं, तिथे तिथे ढकललं. उरलं काय? दोन माणसं अचानक एकमेकांच्या प्रेमात पडलेली, का ते कुणालाच ठाऊक नाही. वर भाऊजीच म्हणतात, "स्टोरी काही जमली नाही बुवा."

आणि हे सगळं मामांच्या समोर! आमचे मामा आंधळे आहेत. वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभा जन्म काढला, मग काचबिंदूने आधी एक डोळा नेला, नंतर दुसरा. हॉलमधल्या एवढ्या माणसांत त्या पिक्चरमधलं खरं-खोटं सांगू शकणारा हा एकच माणूस. त्यांना इंग्रजी भरभर कळत नाही म्हणून ताई शेजारी बसून कानात मराठीत सांगत होती. छान सांगत होती. पण जरा कुठे ती दोघं जवळ आली की ताईचं तोंड बंद. म्हणजे बाकीच्यांना निदान पळणारी चित्रं तरी दिसत होती, मामांना तेही नाही.

"काय गं, आवाज का गेला?"

"काही नाही मामा, गाणं होतं."

इंग्रजी पिक्चरमध्ये गाणं! मामा काही बोलले नाहीत. सत्तरी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप असलेला माणूस, आणि त्याला आम्ही बाळासारखं गप्प बसवलं. माझ्या तर डोक्यात सणक गेली.

पुढे त्या नायकाचं ऑपरेशन होतं आणि त्याला दिसायला लागतं. तेव्हा मात्र सगळे सावरून बसले. शेजारच्या काकू पिक्चरसाठीच आल्या होत्या, त्या लगेच म्हणाल्या, "बघा, झालं ना बरं! मामांचं का नाही करून घेत?" काकू, तो मोतीबिंदू. मामांचा काचबिंदू आहे. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते काढून नवीन बसवता येतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस मरते, ती कुठलाच डॉक्टर परत आणू शकत नाही. दर सणाला कुणीतरी हा प्रश्न विचारतं आणि मामा दर वेळी हसून तेच उत्तर देतात. मला नाही हसता येत.

शिवाय तो पिक्चर हे सांगतच नव्हता. डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी आपल्या एका पेशंटवर लेख लिहिला होता, त्यावर तो बेतलाय. त्या पेशंटला दृष्टी आली, पण बघता येईना. समोरचं मांजर आहे की कुत्रा, हे हात लावल्याशिवाय ओळखू येईना, कारण मेंदूला बघायची सवयच नव्हती. पिक्चरमध्येही नायक असाच गोंधळतो, आणि पुढे त्याची नजर परत जाते. पण तिथे भाऊजींना कंटाळा आला होता, म्हणून तेही ढकललं.

आता दुसरी गंमत. २०१७ चा 'काबिल' याच हॉलमध्ये, याच सोफ्यावर, चिवडा खात अख्खा बघितला होता. नवरा-बायको दोघंही आंधळी. बायकोवर बलात्कार होतो, ती जीव देते, मग नवरा एकेकाला शोधून मारतो. तेव्हा कुणाचा अंगठा हलला नाही. उलट मारामारीला "बघ बघ, आता कसा धरतो" असं चाललं होतं. आणि ते विनोदी पिक्चर? त्यातला आंधळा खांबाला धडकतो, चुकून म्हणून बायकांच्या अंगावर हात टाकतो, आणि सगळी फॅमिली खो खो हसते. ते चालतं. दोन मोठी माणसं राजीखुशीने एकमेकांच्या गालाला हात लावतात, ते मात्र घाण!

आणि बाहेरच्या जगात काय चाललंय? जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका बड्या हिंदी पिक्चरच्या निर्मात्यांना ओटीटीसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन तयार करायला सांगितलं. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने थिएटरांसाठी त्याचे नियम काढले. संवादांच्या मधल्या जागेत एक आवाज पडद्यावर काय चाललंय ते सांगत जातो. कोण उठलं, कोण रडतंय, कुणी कुणाला जवळ घेतलं. तो आवाज खाकरत नाही, स्वयंपाकघरात पाणी प्यायला पळत नाही. मामांना अजून तशी सोय असलेला मराठी पिक्चर मिळालेला नाही, म्हणून ते आपले गडकरी रंगायतनला नाटकाला खूश असतात. तिथे निदान पुढे ढकलायचं बटण नसतं.

शेवटी गेल्या रविवारी मी सई परांजप्यांचा 'स्पर्श' लावला. १९८० चा. नसीरुद्दीन शाह अंधशाळेचा मुख्याध्यापक, शबाना आझमी विधवा. हिंदीच असल्यामुळे ताईची गरज नव्हती आणि ढकलण्यासारखं भाऊजींना काही सापडेना. ही बाई आपल्यावर प्रेम करतेय की उपकार, हा एकच किडा त्या मुख्याध्यापकाचं डोकं पोखरत असतो. मामा पुढे सरकून बसले होते. जेवायला बसलो तरी त्यांचं त्या मुख्याध्यापकाशी भांडण चालूच होतं. "गाढव आहे लेकाचा. पण त्याचं बरोबर आहे. लोक मदत करताना हात असा धरतात ना, की तो झटकावासाच वाटतो." एवढं त्यांना आम्ही कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मामी वरण वाढता वाढता थांबल्या.

आणि भाऊजी? कोशिंबिरीचा घास घेत म्हणाले, "स्लो आहे. पण क्लीन आहे हां."

क्लीन! पिक्चर बघत होते की फरशी पुसत होते?