एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर: रिमोट डेस्कटॉप परत का उघडत नाही

नमस्कार सर, रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आम्ही तुमच्या ऑफिसचं नेटवर्क हातात घेतल्यापासून घरून डायरेक्ट रिमोट डेस्कटॉप (घरी बसून ऑफिसचा सर्व्हर वापरायची सोय) लागत नाही, आधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खाजगी रस्ता) आणि वर मोबाइलवर कोड असा दुहेरी व्याप झालाय, साधं सॉफ्टवेअर टाकायचं तरी आम्हाला फोन करावा लागतो आणि बॅकअपची ड्राइव्ह कोणाच्याच पीसीवर दिसत नाही. अँटीव्हायरस असताना एवढं कशाला, आधी सगळं बरं चाललं होतं, असंही लिहिलंय.

कस्टमरच्या सेटअपबद्दल मी एरवी चारचौघांत बोलत नाही, पण हे तुम्हीच इथे लिहिलंय आणि बाहेरून थेट आत यायचा तो रस्ता आता बंद आहे म्हणून सांगतो. तुमचा सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा होता. आधीच्या माणसाने रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा पोर्ट (सर्व्हरवर बाहेरून यायचा दरवाजाच म्हणा) ३३८९ बदलून दुसरा नंबर दिला होता म्हणून तुम्ही निर्धास्त होतात, पण स्कॅन करणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, सगळेच पोर्ट चाळत बसलेले असतात, नंबर बदलल्याने कोणी लपत नाही. सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग आम्ही तुमच्यासमोर उघडला होता, आठवत असेल, ४६२५ नंबरच्या एंट्रीजची रांगच्या रांग, म्हणजे फेल झालेले लॉगिन, ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, स्कॅनर, अकाउंट्स अशी नावं एकापाठोपाठ एक टाकून बघितलेली, तीसुद्धा ऑफिसला कुलूप असताना मध्यरात्री. त्यातला एक पासवर्ड जुळायचा राहिला होता, बाकी सगळं त्यांच्यासाठी तयारच होतं.

अँटीव्हायरस हवाच, पण खऱ्या पासवर्डने आत आलेला माणूस त्याला तुमच्याच स्टाफमधला वाटतो. आणि त्या अकाउंटला ॲडमिन राइट्स, म्हणजे सिस्टिममध्ये काहीही बदलायची मुभा, असले तर तो आधी अँटीव्हायरस बंद करतो, मग बॅकअप शोधून उडवतो आणि मगच फाइल्स लॉक करतो. प्रत्येक पीसीवर दिसणारी ड्राइव्ह त्यालाही दिसते, म्हणून बॅकअप वेगळ्या अकाउंटखाली ठेवलाय आणि एक कॉपी नेटवर्कच्या बाहेर. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत कलोनियल पाइपलाइन ही इंधनाची मोठी पाइपलाइन बंद ठेवावी लागली तेव्हा हल्लेखोर आत आले ते एका जुन्या व्हीपीएन अकाउंटवरून, पासवर्ड लीक झालेला आणि त्यावर दुसरा कोड मागणारं काहीच नाही. ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे साधारण ४४ लाख डॉलर खंडणी भरली, आणि बदल्यात मिळालेलं, लॉक झालेल्या फाइल्स उघडायचं टूल इतकं स्लो निघालं की डेटा परत आणायला स्वतःचे बॅकअपही वापरावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, म्हणून आम्ही त्या कोडवर अडून बसतो.

तुमचा त्रास खरा आहे आणि तो कमी करता येतो. तुमच्या स्टाफला नेहमी लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी पाठवा, ती आधीच अप्रूव्ह करून ठेवतो म्हणजे दर वेळी फोन नको, पण रोजच्या लॉगिनला ॲडमिन राइट्स मिळणार नाहीत. मोबाइलवरच्या कोडचा कंटाळा येत असेल तर सिक्युरिटी की घ्या, यूएसबीला लावायची, पिन टाकून बोट टेकवायचं, झालं, आणि खोट्या लॉगिन पेजवर ती चालतच नाही त्यामुळे कोडपेक्षा ती मला जास्त आवडते.

व्हीपीएन लावल्यावर व्हिडिओ कॉल अडकतो असं तुम्ही शेवटी लिहिलंय. बहुतेक तुमचा सगळाच ट्रॅफिक ऑफिसच्या लाइनवरून फिरून जातोय, तसं असेल तर फक्त सर्व्हरचा ट्रॅफिक व्हीपीएनमधून आणि बाकीचा घरच्या नेटवरून असं सेटिंग करून देतो, लॅपटॉप चालू ठेवून सपोर्टला फोन करा.

पोर्ट मात्र आमच्याकडे काम आहे तोवर उघडणार नाही. दुसऱ्या कोणाला काम द्यायचं ठरवलंत तर फायरवॉलचं कॉन्फिगरेशन, सगळे ॲडमिन पासवर्ड आणि नेटवर्कचा नकाशा तुमच्या हातात देऊ, काहीही अडवून ठेवणार नाही.